शब्द आणि चाल कुणाची

अंबुबाई प्रत्येक गाण्याआधी एकच वाक्य म्हणायच्या: 'शब्द आणि चाल, भीमाचार्यांची.' देवळातलं भजन असो, कुणाच्या मुंजीत बायकांनी आग्रहाने गायला बसवलेलं असो, नाहीतर मराठी मंडळाचा मोठा कार्यक्रम असो, पेटीचा भाता हलायच्या आधी हे वाक्य यायचंच. दहा गाणी असली तर दहा वेळा. तबल्यावर साथ करणारा कल्लाप्पा तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून बसायचा.

'अक्का, सगळ्या बेंगळूरला माहीत आहे हो,' तो एकदा म्हणाला.

'माहीत आहे तोवरच सांगायचं,' अंबुबाई म्हणाल्या. 'एकदा विसरले की सांगून कोण ऐकतंय?'

त्या चामराजपेटेत दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. एका सरकारी कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर नोकरी लागली आणि त्याच वर्षी, म्हणजे बासष्ट साली, त्या भीमाचार्यांकडे गाणं शिकायला जाऊ लागल्या. भीमाचार्य तेव्हा पन्नाशीचे होते आणि त्यांचं नाव सोलापूरपासून तंजावरपर्यंत पोचलेलं होतं. स्वतः पदं रचायची, स्वतः चाल लावायची, स्वतः गायची. मराठीतही, कन्नडमध्येही. रेडिओवर त्यांचं पद लागलं की रस्त्यावरून जाणारा माणूस सायकल टेकवून उभा राहायचा. अंबुबाईंच्या आयुष्यात त्या वेळी सकाळी उठण्याचं काही कारण उरलं नव्हतं. ते कारण आचार्यांनी दिलं. तेवीस वर्षं त्या दर रविवारी त्यांच्याकडे गेल्या. पंचाऐंशी साली आचार्य वारले, तेव्हा अंबुबाईंकडे त्रेसष्ट पदांची वही होती. कुठलं पद कुठे, केव्हा शिकवलं, आचार्य त्याचा अर्थ काय सांगायचे, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं.

नव्वदनंतर कॅसेटींचा पूर आला. अव्हेन्यू रोडवर ढिगाने कॅसेटी मिळू लागल्या आणि त्यांत आचार्यांची पदंही आली, भलत्याच कुणी गायलेली. वेष्टनावर छापलेलं असायचं, 'पारंपरिक'. पहिल्यांदा तो शब्द वाचला तेव्हा अंबुबाईंनी वेष्टन उलटसुलट करून आचार्यांचं नाव शोधलं. ज्या माणसाने एकेका अक्षरासाठी आठ-आठ दिवस काढले, तो माणूसच पुसून टाकलेला.

त्यांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. बोर्डावरची पाळी संपली की कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून लिहायच्या. कॅसेट कंपन्यांना, रेडिओला, वर्तमानपत्रांना. 'हे पद पारंपरिक नसून कै. भीमाचार्य यांची स्वतंत्र रचना आहे. मी ते स्वतः त्यांच्या मुखातून ऐकलेलं आहे.' कुणी उत्तर द्यायचं नाही. मग त्या रजा टाकून कंपनीच्या कचेरीत जाऊन बसायच्या. तीन वर्षं हे चाललं. शेवटी एका कंपनीचा माणूस कंटाळून म्हणाला, 'अम्मा, तुम्हीच गा ना. तुमच्याच कॅसेटवर हवं ते नाव छापू.'

चौऱ्याण्णव साली ती कॅसेट निघाली. आठ पदं, अंबुबाईंचा आवाज. प्रत्येक पदाखाली ठळक अक्षरात भीमाचार्यांचं नाव, आणि आत अंबुबाईंनी लिहिलेले अर्थ. पुढच्या वर्षभरात बाकीच्या कंपन्यांनीही 'पारंपरिक' खोडून आचार्यांचं नाव घातलं. आचार्यांचे चिरंजीव मोहनकुमार बँकेत अधिकारी होते. ते पेढे घेऊन घरी आले आणि पाया पडून म्हणाले, 'बाई, आम्ही पोटची पोरं, आम्हाला जमलं नाही ते तुम्ही केलंत.'

त्या कॅसेटमधलं एक पद सगळ्यांच्या तोंडी बसलं:

एक पाणी राहिलं, चिन्मया, एक पाणी राहिलं
ऊन गेलं अंगणातून, लुगडं ओलं राहिलं
रंग तुझा वाहून आला, हात माझे माखले…

अंबुबाईंनी अर्थ दिला होता तो असा: जीव म्हणजे वस्त्र. देव म्हणजे रंगारी. वस्त्राला रंगाची एकेक बुचकळी देतात, तिला पाणी म्हणतात. मोक्षाआधीचं शेवटचं पाणी तेवढं राहिलं आहे म्हणून भक्त आर्त झाला आहे, आणि तिसऱ्या ओळीत त्या चैतन्याचा रंग भक्ताच्या हातांना लागतो, म्हणून आनंद. आचार्य ती ओळ द्रुत लयीत घ्यायचे. अंबुबाईही तशीच घ्यायच्या, आणि 'हात माझे माखले' म्हणताना दोन्ही तळवे उंच करून हसत लोकांना दाखवायच्या. तिथे टाळ्या ठरलेल्या.

पंचाण्णवच्या मार्च महिन्यात, एका रविवारी सकाळी, दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. सत्तरीची, काटक, नऊवारी, पायात रबरी चपला. हातात ती कॅसेट होती.

'अंबुबाई म्हणजे तुम्हीच काय? मी आनेकलहून आले. सत्यवती माझं नाव. आम्ही रंगारी.'

अंबुबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. अशी माणसं अधूनमधून यायची, गाणं आवडलं म्हणून सांगायला.

'मला ही अक्षरं येत नाहीत, मी कन्नड शाळेत गेले,' सत्यवती म्हणाली. 'या पाण्याच्या गाण्याखाली काय लिहिलंय, स्वल्प, जरा वाचून दाखवा.'

अंबुबाईंनी वाचून दाखवलं. जीव, वस्त्र, रंगारी, मोक्ष. त्यांना आपलाच मजकूर वाचताना बरं वाटत होतं. सत्यवती मान खाली घालून ऐकत होती.

'असं नाही अक्का ते,' ती म्हणाली. 'ते माझ्या आईचं गाणं आहे.'

अंबुबाई हसल्या. लोक कुठेतरी ऐकतात आणि घरचंच समजतात, हे त्यांनी शंभर वेळा अनुभवलं होतं. त्या समजावणीच्या सुरात काही बोलणार, तेवढ्यात सत्यवतीच सांगू लागली.

'कॉटनपेटेत आमचं अंगण होतं. आई भागुबाई. अण्णा आणि ती रंगाचं काम करायची. मी नऊ वर्षांची असेन, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. चिमणा तिचं नाव, तेरा वर्षांची. आई म्हणाली, पोरीचं लुगडं मी माझ्या हाताने रंगवणार. लाल. आमचा लाल तीन पाण्यांत चढायचा. दोन पाणी दिली, लुगडं दोरीवर टाकलं, आणि चिमणाला ताप आला. चौथ्या दिवशी गेली. तिसरं पाणी द्यायचं राहिलं. घरात दुसरं नवं वस्त्र नव्हतं, तेच तिला नेसवलं. कच्चा रंग तो. नेसवूनच शेवटची आंघोळ घातली तसा सगळा उतरला. आईच्या हातांवर कोपरापर्यंत लाल. कितीतरी दिवस निघत नव्हता.'

अंबुबाईंनी वेष्टन मांडीवर ठेवलं.

'मग आई काम करता करता ते म्हणायची,' सत्यवती म्हणाली. 'गाणं म्हणून नाही. नुसतं म्हणायची, रोज. पुढे त्याला चाल लागली आपोआप. म्हणायची, एक पाणी राहिलं, चिमणाबाय, एक पाणी राहिलं.'

तिने ते गाऊन दाखवलं. आवाज फाटका होता, लय संथ, ओल्या कपड्यासारखी जड. पण स्वर तेच होते. आणि 'चिन्मया' या शब्दापुढे ज्या दोन मात्रा कायम रिकाम्या राहायच्या, जिथे अंबुबाई गेली वीस-पंचवीस वर्षं पेटीचे दोन स्वर भरून वेळ मारून नेत आल्या होत्या, तिथे 'चिमणाबाय' हे नाव तंतोतंत बसलं.

'वरच्या माडीवर एक तरणा बामण भाड्याने राहायचा,' सत्यवती म्हणाली. 'गाणं शिकत होता. खिडकीत बसून ऐकायचा. चांगला माणूस होता. आम्हा पोरांना गूळ द्यायचा. पुढे मोठा झाला म्हणे.'

'तुमचं काय म्हणणं आहे?' अंबुबाईंनी विचारलं.

'काही नाही. आईचं नाव घालू नका हवं तर. तिला कोण ओळखतंय. पण पोरीचं नाव होतं त्यात, ते काढलं. तेवढं परत घाला. तिचं दुसरीकडे कुठे नाव नाही, अक्का. फोटो नाही, काही नाही.'

सत्यवती गेल्यावर अंबुबाईंनी वही काढली. त्या पदाच्या पानावर एकाहत्तर सालची त्यांचीच नोंद होती. त्यांनी आचार्यांना विचारलं होतं, या दोन मात्रा रिकाम्या का? आचार्य खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, 'तिथे काहीतरी होतं. आता नाही.' अंबुबाईंनी त्याखाली लाल शाईने लिहिलं होतं: निर्गुणाचा निर्देश.

आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. आचार्य चोर होते असं त्यांना म्हणवेना. तरुणपणी कानावर पडलं, मनात राहिलं, पन्नास वर्षांत कुठलं आपलं आणि कुठलं दुसऱ्याचं याचा विसर पडला असेल. असंही होतं. पण मग 'चिमणा' काढून 'चिन्मया' घालताना तर त्या माणसाला ठाऊक असणारच? त्या या प्रश्नापाशी यायच्या आणि मागे फिरायच्या. पुढच्या रविवारी त्या आनेकलला गेल्या. सत्यवतीच्या भावजयीने, तिच्या म्हाताऱ्या चुलतभावाने तेच शब्द, तीच चाल म्हणून दाखवली. भावकीत ते गाणं बायका कुणी गेल्यावर म्हणायच्या. शंकेला जागा उरली नाही.

त्या मोहनकुमारांकडे गेल्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, कॉफी दिली.

'बाई, एका अडाणी म्हातारीच्या सांगण्यावरून?'

'मी आनेकलला जाऊन आले. मला खात्री आहे.'

'अप्पांच्या पदांची रीतसर नोंदणी झाली आहे,' मोहनकुमार म्हणाले. ते उठले आणि कपाटातून एक फाईल घेऊन आले. 'आणि त्याला पुरावा काय जोडलाय ठाऊक आहे? तुमची पत्रं. हे बघा. हे पद भीमाचार्यांचंच, दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नाही. खाली सही तुमची.'

अंबुबाईंनी आपलं अक्षर ओळखलं. असली पत्रं फाईलमध्ये पन्नासेक तरी होती.

'मी चुकले,' त्या म्हणाल्या.

'आता चुकून चालणार नाही, बाई,' मोहनकुमार म्हणाले. त्यात धमकी नव्हती. थोडी कीवच होती. 'लोक म्हणतील, म्हातारपणी भ्रमिष्ट झाल्या. तुमचं नाव जाईल आणि अप्पांचंही. त्या बाईला काय मिळणार आहे त्यातून?'

कंपनीला त्यांनी पत्र पाठवलं. या वेळी मात्र उत्तर लगेच आलं: आपल्याच पूर्वीच्या पत्रानुसार दुरुस्ती करण्यात आली असून पुन्हा बदल करता येणार नाही.

शहाण्णवच्या जानेवारीत मंडळाने आचार्यांच्या पदांचा कार्यक्रम ठरवला. मंडळाचे चिटणीस चंद्रकांत पुण्याहून आलेले, एका संशोधन संस्थेत इंजिनिअर. अंबुबाईंनी त्यांना सगळं सांगितलं.

'ॲक्च्युअली इंटरेस्टिंग आहे हे,' चंद्रकांत म्हणाले. 'पण बाई, स्टेजवर नको. लोक दोन तास गाणी ऐकायला येतात. आपण नंतर स्मरणिकेत एक छोटा लेख टाकू.' ती स्मरणिका पुढे निघालीच नाही.

तरी अंबुबाईंनी ठरवलं होतं. त्यांनी सत्यवतीला पत्र घालून बोलावलं. मार्केटच्या बसथांब्यावरून स्वतः रिक्षाने घेऊन आल्या आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसवलं. कल्लाप्पाला तेवढं आधी सांगून ठेवलं: शेवटचं पद विलंबित घ्यायचं, आणि उठाव देऊन लय वाढवायची नाही.

संध्याकाळी पाच वाजता सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मोहनकुमार सहकुटुंब. सात पदं झाली. आठव्याआधी अंबुबाई म्हणाल्या, 'शब्द आणि चाल, भागुबाईंची. कॉटनपेटेतल्या रंगारीण भागुबाई.' माईक जवळ होता तरी आवाज पुढे जाईना. काहींनी ऐकलं, काहींना वाटलं नवीन पद दिसतंय. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, 'बाई दमल्या आज.'

त्यांनी सुरुवात केली. एक पाणी राहिलं, चिमणाबाय.

ओळखीचे सूर कानी पडताच सभागृहात समाधानाची लहर गेली. लोक सरसावून बसले. पण लय इतकी संथ का, हे त्यांना कळेना, आणि दुसऱ्यांदा 'चिमणाबाय' आलं तेव्हा एक बाई मायेने, मोठ्याने म्हणाली, 'चिन्मया, अंबुबाई, चिन्मया.' शब्द आठवत नसलेल्या शाळकरी पोरीला सांगावं तसं. अंबुबाईंनी मान हलवली आणि पुन्हा म्हटलं, चिमणाबाय. आता दहा-बारा जणांनी सांगितलं, चिन्मया. कुणी टाळीचा ठेका धरला. मागच्या रांगांनी तो उचलला. बाईंची स्मृती गेली, त्यांना सावरून घ्यायला हवं, अशा भावनेने सगळं सभागृह गाऊ लागलं. प्रेमानेच. एक पाणी राहिलं, चिन्मया. लय दुप्पट झाली. कल्लाप्पाने हतबल होऊन अंबुबाईंकडे पाहिलं आणि तबला लोकांच्या मागे नेला. तिसऱ्या ओळीला सगळ्यांनी हात वर केले. चारशे माणसं, तळवे उघडे, हसत, नेहमी अंबुबाई करायच्या तसे.

त्यांनीच शिकवलं होतं ते.

अंबुबाई पेटीवर हात ठेवून बसून राहिल्या. सत्यवतीकडे बघायची त्यांची छाती होईना. कडकडाट झाला, चंद्रकांतांनी शाल घातली, कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, साठीला आल्या तरी गातात, केवढी निष्ठा. मोहनकुमार पाया पडले.

बाहेर पायरीवर सत्यवती चपला शोधत होती.

'माझं चुकलं,' अंबुबाई म्हणाल्या. 'मी पुन्हा प्रयत्न करते. वर्तमानपत्रात लिहिते.'

'जाऊ द्या अक्का,' सत्यवती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. 'एवढी माणसं म्हणतायत. आता तेच खरं झालं.' चपला सापडल्यावर ती म्हणाली, 'पण ते हात वर नका करू म्हणावं. आईने बघितलं असतं तर…' तिने चपला पायात सरकवल्या. 'सरी, ठीक आहे. शेवटची बस गाठते मी.'

अंबुबाईंनी वर्तमानपत्राला लिहिलं, दोनदा. छापून आलं नाही. ऑगस्टमध्ये त्या आनेकलला गेल्या तर कळलं, सत्यवती जूनमध्येच गेली. कळवायला पत्ता सापडला नाही, भावजय म्हणाली. ती गेल्यावर बायकांनी ते गाणं म्हटलं का, असं अंबुबाईंनी विचारलं. भावजय ओशाळली. म्हणाली, 'पोरांनी तुमची कॅसेटच लावली होती. बरी वाटते ऐकायला.'

त्यानंतर खरी वाईट दशा सुरू झाली. अंबुबाई वही घेऊन बसायच्या आणि एकेक पद तपासायच्या. 'जात्यापाशी' हे पद आचार्यांना कसं सुचलं? ते कधी जात्यावर बसले होते? नावाड्याचं पद आहे, ते कुणाकडून ऐकलं? प्रत्येक पदात त्यांना कुणीतरी दुसरंच बोलताना ऐकू येऊ लागलं. कदाचित बासष्ट पदं आचार्यांचीच होती. कदाचित दहा. विचारायला कुणी उरलं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त छळायचा तो एक शब्द, 'पारंपरिक'. कॅसेटवाल्यांनी आळसाने, अज्ञानाने छापलेला तो शब्द खऱ्याच्या जास्त जवळ होता. त्यात भागुबाईला निदान आडोसा होता. तो आपण स्वतःच्या हाताने, पत्रामागून पत्र लिहून, खोडून टाकला.

देवळातल्या बायका बोलवायला आल्या की त्या म्हणायच्या, घसा बसलाय. आधी महिनाभर, मग वर्षभर. आचार्यांचं नाव घेऊन गाता येत नव्हतं आणि न घेता गायची सवय नव्हती. कल्लाप्पा दोन-तीनदा येऊन गेला. एकदा त्याने सुचवलं, 'अक्का, दुसऱ्या कुणाची गाणी म्हणा ना.' अंबुबाईंनी त्याला कॉफी दिली आणि विषय बदलला. तोही मग येईनासा झाला. अठ्ठ्याण्णव साली मुंबईच्या एका नव्या गायिकेने ते पद ढोल-बाजाच्या साथीत गायलं, आणि लग्नांच्या वरातींत लोक त्यावर नाचू लागले.

भाची पवित्राने त्यांना येलहंकाला आपल्या घरी नेलं. एकटं राहणं बरं नव्हे, ती म्हणाली. चामराजपेटेतल्या खोल्या सोडताना अंबुबाईंनी पेटी देवळाला दिली. पवित्राला वर्षभरात मुलगी झाली. आत्या गाणाऱ्या, म्हणून पवित्राने हौसेने तान्ही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, काहीतरी म्हणा ना, झोपेल.

'मला येत नाही गं आता,' अंबुबाई म्हणाल्या.

पवित्राला वाटलं, वयाने झालं असेल. तिने डॉक्टरांकडेही नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला आणि म्हणाले, काहीही झालेलं नाही, अगदी साफ आहे. अंबुबाईंनी मान डोलावली, आभार मानले आणि पदर सावरत त्या बाहेरच्या बाकावर पवित्राची वाट बघत बसल्या.